स्त्रीच्या हातची पहिली बंदूक



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं मंडळी गालांत हसतील. परंतु ज्या बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेडराजा येथें जिजाऊंचा जन्म झाला, त्या जिल्ह्यांत तरी स्त्री आणि शस्त्र यांची जोडी नवलाची मानूं नये. शेताचा सातबारा आपल्या नांवावर आहे आणि जागलीची काळजीही आपल्याच शिरावर आहे, अशा कितीतरी भगिनी आज खेडोपाडीं आहेत. रानडुकरें व रोही तूर, मका, हरभरा यांची एका रात्रींत कशी धूळधाण करतात, हें त्यांना मीं सांगावयास नको. शिवाय नेमबाजीच्या मैदानाकडे वळणाऱ्या मुलीही आहेत. तेव्हां लहान अंगकाठीच्या स्त्रीनें पहिली छर्ऱ्याची बंदूक कशी निवडावी, याचा थोडा विचार करूं.

प्रथम कायद्याची मर्यादा सांगतों. शिकारीच्या हौसेखातर बंदूक घेण्याचे दिवस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संपविले. पीक खाणाऱ्या जनावरावरही वनखात्याच्या अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमावांचून बार टाकतां येत नाहीं. ज्ञानगंगा किंवा अंबाबरवा अभयारण्याशेजारच्या शिवारांत तर हें अधिकच ध्यानांत ठेवावें. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवाना मागणाराचें वय २१ वर्षें पूर्ण असावें लागतें. पीकसंरक्षणासाठीं सामान्यतः ठासणीची बंदूक मिळते. ती अपुरी पडेल अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देतां येते. २०१६ च्या नियमांनीं शस्त्र सुरक्षितपणें वापरण्याचें शिक्षणही आवश्यक केलें आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. दुकानांत बाईमाणूस दिसतांच, "यांना हलकी बंदूक दाखवा," असें म्हणण्याची रीत आहे. हेतु चांगला असतो, परंतु सल्ला बहुधा चुकीचा ठरतो. छर्रे पुढें धांवतात तेव्हां तितक्याच नेटानें बंदूक मागें रेटली जाते. काडतूस तेंच राहिलें, तर या धक्क्याची शक्ति बंदुकीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणांत असते. ३ किलोच्या बंदुकीऐवजीं २.४ किलोची घेतली, तर धक्का सव्वापट होतो. म्हणजे नाजुक खांद्याला जपावें म्हणून घेतलेली हलकी बंदूकच त्या खांद्याला अधिक ठोसा देते. उलट, बंदूक तीच ठेवून ३२ ग्रॅम छर्ऱ्याऐवजीं २४ ग्रॅमचें काडतूस घातलें व वेग तोच राहिला, तर धक्का जवळजवळ अर्ध्यावर येतो. तात्पर्य, काडतूस हलकें घ्यावें, बंदूक नव्हे. ऑलिंपिकच्या तबकड्या फोडणारे नेमबाजही २४ ग्रॅमचेंच काडतूस वापरतात. ठासणीच्या बंदुकींत तर दारू मापानेंच घालावी. मूठभर अधिक घालणें म्हणजे खांद्याशीं आणि नळीशींही वैर करणें होय.

अर्थात् वजनालाही वरची मर्यादा आहे. रिकामी बंदूक खांद्याला लावून शांतपणें साठ अंक मोजावे. तेवढ्यांत नळीचें टोंक खालीं झुकूं लागलें, तर ती बंदूक त्या हातांची नव्हे. पुष्कळदां दोष एकंदर वजनाचा नसून नळीकडे गेलेल्या भाराचा असतो. दुनळी बंदूक नळी व दस्ता यांच्या सांध्याजवळ तोलली जाईल, तर ती हातांत हलकी वाटते.

बोअर म्हणजे काय, हेंही समजून घ्यावें. नळींत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचें वजन एक पौंड भरलें, तर ती बारा बोअर. वीस गोळ्यांचें भरलें, तर वीस बोअर. म्हणून आंकडा वाढला कीं नळी बारीक होते. वीस बोअरची बंदूक सुटसुटीत खरी, परंतु आपल्याकडे सहज मिळणारें काडतूस बारा बोअरचें. काडतुसावांचून बंदूक म्हणजे शाईवांचून लेखणी. म्हणून पहिल्या बंदुकीस बारा बोअरच सोयीची.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट दस्त्याची. बाजारांतील दस्ते सहसा मध्यम उंचीच्या पुरुषाच्या मापानें केलेले असतात. चापापासून दस्त्याच्या टाचेपर्यंत सुमारें सव्वाचौदा इंच. लहान चणीच्या स्त्रीस बहुधा तेरा ते साडेतेरा इंच पुरतात. दस्ता लांब असला कीं तो काखेंत अडकतो, शरीर मागें झुकतें आणि धक्का खांद्याच्या खळग्याऐवजीं दंडावर बसतो. बंदूक खांद्याला लावल्यावर नाक आणि चापाच्या हाताचा अंगठा यांमध्यें दोन बोटांचें अंतर राहिलें, तर माप ठीक समजावें. मान उंच असल्यास दस्त्याची कड गालापर्यंत यावी. गाल शोधीत मान वांकवावी लागूं नये. दस्त्याचें खालचें टोंक छातीवर टोंचत असेल, तर कुशल कारागिराकडून तें किंचित् बाहेर वळवून घ्यावें. मात्र दस्ता कापून घेतां येतो, नळी नव्हे. परवान्यावांचून नळी आंखूड करणें हा गुन्हा आहे.

डोळ्याचीही परीक्षा करावी. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खुणेकडे बोट करावें, मग एकेक डोळा मिटून पाहावा. ज्या डोळ्यानें बोट खुणेवरच दिसतें, तो डोळा प्रमुख. बंदूक शक्य तर त्याच बाजूच्या खांद्याला लावावी.

एवढा काटेकोरपणा कशासाठीं, असें कोणी विचारील. पहिल्या बारानें खांदा काळानिळा झाला, तर दुसऱ्या बारास डोळे आपोआप मिटतात. आणि मिटल्या डोळ्यांनीं सुटलेला बार कोणाच्या अंगावर जाईल, हें सांगवत नाहीं. मग घरची माणसें म्हणतात, "बायकांचें हें कामच नव्हे." दोष मापाचा असतो, ठपका मात्र स्त्रीजातीवर येतो. अमेरिकेतील प्रसिद्ध नेमबाज अ‍ॅनी ओक्ली जेमतेम पांच फूट उंच होती. १९९२ सालीं बार्सिलोना येथें, उडत्या तबकड्यांच्या ज्या स्पर्धेंत स्त्रीपुरुष एकत्र उतरले होते, तींत चीनच्या झांग शान या महिलेनें सुवर्णपदक जिंकलें. आपल्या देशाच्या श्रेयसी सिंग यांनीं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धांत दुनळी बंदुकीनेंच सुवर्ण मिळविलें.

म्हणून भावानें किंवा पतीनें परस्पर बंदूक आणून हातांत देऊं नये. जिला ती वापरावयाची आहे, तिनें स्वतः दुकानांत जावें, चार बंदुका खांद्याला लावून पाहाव्या आणि जाणत्या शिक्षकासमोर हलक्या काडतुसांनीं आरंभ करावा. घरीं बंदूक रिकामी व कुलुपांत, आणि काडतुसें निराळ्या कुलुपांत असावींत. पोलक्याचें माप घेतांना आपण शिंप्याला दुसऱ्याचें माप देत नाहीं. मग जिच्यावर जीव अवलंबून आहे, त्या वस्तूला तरी उसनें माप कां द्यावें?