रजिस्टरांचा माग: ८०८५ च्या एका छोट्या प्रोग्रॅमचे वाचन

प्रत्येक आज्ञेनंतर प्रोसेसरच्या कोणत्या रजिस्टरात काय उरले हे कागदावर मांडता आले, तरच असेम्ब्ली भाषेतील प्रोग्रॅम समजला असे म्हणता येते. या मांडणीला ट्रेसिंग, म्हणजे माग काढणे, म्हणतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मनात काय होते याची दखल यंत्र घेत नाही. म्हणून माग काढणाऱ्यानेही ती न घेता समोरच्या आज्ञेने जे घडते तेवढेच लिहावे, ही या कामातील पहिली आणि पाळायला सर्वांत अवघड शिस्त आहे. संगणकांच्या आरंभकाळातच तिची गरज भासली होती. केंब्रिज येथील एडसॅक या संगणकावर मे १९४९ मध्ये पहिला प्रोग्रॅम चालला, आणि १९५१ मध्ये स्टॅनले गिल यांनी त्या यंत्रावरील प्रोग्रॅममधल्या चुका कशा शोधाव्यात यावर निबंध प्रसिद्ध केला, ज्यात एकेक आज्ञा पार पाडत तिची नोंद छापणाऱ्या तपासणी-प्रोग्रॅमचा विचार आहे.

माग काढण्याचा अभ्यास करण्यासाठी इंटेल कंपनीचा ८०८५ हा १९७६ मधील मायक्रोप्रोसेसर आजही अतिशय सोयीचा आहे. महाराष्ट्रात बारावीच्या संगणकशास्त्र विषयात अनेक वर्षे तोच शिकवला गेला, आणि काही आज्ञा देऊन अखेरीस रजिस्टरांत काय असेल असे विचारणारा प्रश्न विद्यार्थ्यांच्या चांगला परिचयाचा आहे. या प्रोसेसरमध्ये एका वेळी आठ बिटांवर काम होते आणि मेमरीचा पत्ता सोळा बिटांचा असतो, त्यामुळे ६५,५३६ बाइट एवढ्या मेमरीपर्यंत पोहोचता येते. बेरीज-वजाबाकीचा निकाल ज्यात साठतो ते ए रजिस्टर, म्हणजे अक्युम्युलेटर. त्याच्या जोडीला बी, सी, डी, ई, एच आणि एल ही सहा रजिस्टरे. एच आणि एल मिळून मेमरीचा पत्ता धरतात आणि त्या पत्त्यावरील बाइटला आज्ञांमध्ये एम म्हणतात. पुढच्या आज्ञेचा पत्ता प्रोग्रॅम काउंटरमध्ये असतो. याखेरीज साइन, झीरो, ऑक्झिलरी कॅरी, पॅरिटी आणि कॅरी असे पाच फ्लॅग, म्हणजे निकालाविषयीच्या एकेका बिटाच्या खुणा असतात. नवशिक्याच्या तक्त्यात नेमका त्यांचाच रकाना नसतो आणि बहुतेक चुका तिथेच दडलेल्या असतात.

मेमरीत शेजारीशेजारी ठेवलेल्या तीन संख्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम घेऊ या. संख्या हेक्साडेसिमल, म्हणजे षोडशमान पद्धतीत आहेत. तीत दहा ते पंधरा या किमतींसाठी ए ते एफ ही अक्षरे येतात. पत्ता २००० पासून आज्ञा अशा आहेत: एलएक्सआय एच, २०५०, मग २००३ वर एमव्हीआय बी, ०३, २००५ वर एक्सआरए ए, २००६ वर अ‍ॅड एम, २००७ वर आयएनएक्स एच, २००८ वर डीसीआर बी, २००९ वर जेएनझेड २००६, २००सी वर एसटीए २०६०, आणि २००एफ वर एचएलटी. पहिली आज्ञा एच-एल जोडीत पत्ता भरते, दुसरी बी मध्ये तीन ही मोजणी ठेवते, आणि तिसरी अक्युम्युलेटरची स्वतःशीच एक्स-ऑर क्रिया करून तो शून्य करते. पत्ता २०५० पासून ९ए, ७बी आणि ११ हे तीन बाइट आहेत असे धरावे. नेहमीच्या दशमान पद्धतीत ते १५४, १२३ आणि १७ होतात.

पहिल्या फेरीत अ‍ॅड एम मुळे ए मध्ये ९ए येते. निकालाचा सर्वांत डावीकडचा बिट १ असल्याने साइन फ्लॅग १ होतो, एक्सआरए ए ने १ केलेला झीरो ० होतो आणि कॅरी ० राहतो. आयएनएक्स एच मुळे जोडीत २०५१ येते आणि एकही फ्लॅग हलत नाही. डीसीआर बी मुळे बी मध्ये ०२ उरते आणि आता साइन फ्लॅग ० होतो, कारण तो यापुढे अक्युम्युलेटरविषयी काही सांगत नसून बी विषयी सांगतो आहे. झीरो फ्लॅग ० असल्याने जेएनझेड पुन्हा २००६ कडे नेते. दुसऱ्या फेरीत ९ए आणि ७बी यांची बेरीज ११५ होते; आठ बिटांत तिचे १५ एवढेच मावते आणि वरचा १ कॅरी फ्लॅगमध्ये जातो. यानंतरच्या दोन ओळी बारकाईने पाहण्याजोग्या आहेत: आयएनएक्स एच कोणत्याच फ्लॅगला हात लावत नाही, डीसीआर बी इतर फ्लॅग बदलते पण कॅरीला सोडून देते, म्हणून कॅरी १ तसाच धरून प्रोसेसर तिसऱ्या फेरीत शिरतो. तेथे १५ मध्ये ११ मिळवल्यावर ए मध्ये २६ येते, या बेरजेत हातचा उरत नाही, आणि कॅरी ० होतो. बी शून्य होऊन फेरा संपतो व २०६० या पत्त्यावर २६ लिहिले जाते. खरी बेरीज दशमानात २९४, म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये १२६ आहे. प्रोग्रॅम कुठे अडखळला नाही, कोणतीही तक्रार न करता थांबला, आणि उत्तर २५६ ने कमी निघाले.

माग काढला नसता तर ही चूक सापडणे कठीण होते, कारण लहान संख्या घेऊन केलेल्या चाचणीत प्रोग्रॅम दर वेळी बरोबर ठरतो. रकान्यांत मात्र कॅरी १ नेमका कोणत्या ओळीवर जन्मला आणि कोणत्या ओळीवर पुसला गेला, हे दोन्ही दिसते, आणि दुरुस्ती त्या दोन ओळींच्या मध्येच व्हायला हवी हेही तिथेच कळते. ती अशी: आरंभी, एमव्हीआय बी च्या लगेच पुढे, एमव्हीआय सी, ०० घालून सी रिकामा करावा, अ‍ॅड एम नंतर जेएनसी ही, कॅरी नसेल तर उडी मारणारी आज्ञा ठेवावी, आणि तिच्यामागोमाग आयएनआर सी लिहावी, म्हणजे प्रत्येक हातचा सी मध्ये मोजला जाईल. अखेरीस सी मधील किंमत ए मध्ये आणून २०६१ वर ठेवली की २०६१ व २०६० मिळून ०१ आणि २६ मिळतात.

हाताने असेम्ब्ली करून ८०८५ च्या सराव-किटच्या कळफलकावरून एकेक बाइट भरताना येथे एक नवाच धोका उभा राहतो. एमव्हीआय सी, ०० ही आज्ञा दोन बाइटची असल्याने ती २००५ आणि २००६ हे पत्ते व्यापते, एक्सआरए ए २००७ वर सरकते आणि अ‍ॅड एम २००८ वर. जेएनझेड मधला जुना पत्ता २००६ बदलायचा राहून गेला, तर उडी थेट एमव्हीआय च्या दुसऱ्या बाइटवर पडते. तो बाइट ००, आणि ०० हा ऑपकोड म्हणून वाचला की त्याचा अर्थ एनओपी, म्हणजे काहीही न करण्याची आज्ञा. प्रोसेसर तो निमूटपणे पार पाडतो, पुढे एक्सआरए ए ने जमलेली बेरीज दर फेरीला पुसून टाकतो, आणि शेवटी ए मध्ये फक्त तिसरी संख्या ११ उरते, सी मध्ये शून्य. आज्ञा आणि माहिती एकाच मेमरीत, एकाच रूपात राहतात हे पुस्तकी विधान इतक्या थोड्या बाइटांत इतके स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

मोजणी २५५ च्या पुढे गेली की बी-सी ही जोडी मोजणीसाठी घ्यावी लागते आणि हातच्यांची नोंद ई मध्ये हलवावी लागते. तेव्हा डीसीआर बी च्या जागी डीसीएक्स बी लिहून जेएनझेड तशीच ठेवण्याचा मोह होतो. पण सोळा बिटांची ही वजाबाकी आयएनएक्सप्रमाणेच एकही फ्लॅग बदलत नाही, म्हणून जेएनझेड निर्णय घेते तो त्याआधी कोणत्या तरी आज्ञेने मागे ठेवलेल्या झीरो फ्लॅगवरून. जोडी शून्य झाली का हे पाहण्यासाठी एमओव्ही ए, बी आणि ओआरए सी या आज्ञा वापरतात, परंतु त्यांनी अक्युम्युलेटरमधली चालू बेरीज नष्ट होते आणि कॅरीही ० होतो. कॅरीची नोंद ई मध्ये आधीच झालेली असल्याने त्याची चिंता नाही. बेरीज मात्र जपायलाच हवी. पुश पीएसडब्ल्यू ने ती स्टॅकवर ठेवून उडीपूर्वी पॉप पीएसडब्ल्यू ने परत आणली, तर तिच्याबरोबर जुने फ्लॅगही परत येतात आणि नुकताच मिळालेला झीरो फ्लॅग पुसला जातो. त्याऐवजी एमओव्ही डी, ए, एमओव्ही ए, बी, ओआरए सी, एमओव्ही ए, डी, आणि मग जेएनझेड असा क्रम ठेवावा. एमओव्ही कोणत्याही फ्लॅगला स्पर्श करत नाही, त्यामुळे बेरीज ए मध्ये परत आल्यावरही ओआरए सी ने ठरवलेला झीरो फ्लॅग जेएनझेडपर्यंत शाबूत पोहोचतो.