बेवारस पिशवी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही मिलमधले कामगार. शाळा आठवीपर्यंत, पुढचं जे काय शिकलो ते वाचनालयात. चूकभूल सांभाळून घ्या.

२००६ ची गोष्ट. मालेगावला बॉम्ब फुटले त्याच आठवड्यात आम्ही चौघं जोडीदार रात्रपाळी करून स्टेशनावर बसलो होतो. बाकाखाली बेवारस पिशवी दिसली. पोलिसाला सांगा, असं सगळेच म्हणाले, उठेना कोणी. आमच्यातला मुसलमान भाऊ म्हणाला, "मी सांगतलं तं मलेच इचारतीन, तुले कसं मालूम?" अन् आम्ही तरी कुठे उठलो? शेवटी एक म्हातारी धावत परत आली. पिशवीत भाकर न् चटणी होती. आम्ही हसलो, पण मनातून शरमलो.

तो भाऊ उगाच भ्याला नव्हता. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात तीसच्या वर माणसं मेली. दहशतवादविरोधी पथकानं नऊ मुसलमान धरले. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेनं आरोप ठेवले ते भलत्याच लोकांवर! २०१६ साली कोर्टानं आधीच्यांना दोषमुक्त केलं, तोवर नवापैकी एकजण वारला होता. २००८ साली त्याच गावी, भिक्कू चौकात, पुन्हा स्फोट. सहा गेले. या वेळी आरोपी हिंदू. ३१ जुलै २०२५ ला सातही जण पुराव्याअभावी सुटले. मग ती माणसं मारली कोणी? यंत्रमागावर राबणाऱ्या त्या गावानं हे विचारायचं कोणाला?

आमच्या मते दोष घाईचा आहे. १९९९ च्या मोक्का कायद्यात बड्या पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा धरतात, साध्या कायद्यात धरत नाहीत. कबुली हाती आली की पुढचा तपास ढिला पडतो.

पोलीस म्हणजे सगळे वाईट, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर घेतल्या, पण कसाबची बंदूक सोडली नाही. त्या कसाबलाही वकील मिळाला, खटला चालला. आणि त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुरावा नाही म्हणून सुटलेही. धरलेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करा, वकील भेटू द्या, हे आज कलम २२ मध्ये आहे. संविधान सभेत ते बाबासाहेबांनी स्वतः मांडलं, सप्टेंबर १९४९ मध्ये. आपल्या पोरांना हे कलम पाठ पाहिजे. कोणाच्या पोराला चौकशीला बोलावलं तर विहारातले दोघं-तिघं सोबत जातील, एवढं आज ठरवून टाकू.

तो जोडीदार अजून आमच्याच पाळीत आहे. परवा त्याला विचारलं, आता पिशवी दिसली तर सांगशील का? म्हणाला, "तुमी संगं याल तं सांगीन."

जय भीम!