जुन्या साजाचें नवें रूप

कोल्हापुरांत अंबाबाईच्या देवळाजवळ गुजरी ही सराफांची पेठ आहे. तेथें नवा दागिना घेणारा येतो, तसाच जुना मोडून नवा घडवूं पाहणाराही येतो. नव्याचा व्यवहार सोपा, जुन्याचा अवघड. कारण त्यांत हिशेब दोन असतात : एक सोन्याचा, दुसरा घरांतील माणसांचा.

समजा, आजीचा एक कोल्हापुरी साज आहे आणि नाती दोन आहेत. साज मोडावा व दोघींस दोन नवे दागिने करावे, असें घरांत ठरतें. आतां साज म्हणजे काय, तें पाहावें. रूढ समजुतीप्रमाणें त्याचीं पानें २१. त्यांपैकीं १० दशावतारांचीं, ८ अष्टमंगलांचीं, दोन माणिक व पाचू यांचीं आणि एक डोरलें. पानांच्या मध्यें जवमणी. पातळ पत्र्यावर ठशानें आकार उठवून आंतील पोकळी लाखेनें भरतात. म्हणून थोड्या सोन्यांत दागिना भरदार दिसतो. आणि म्हणूनच मोडतांना वजन घटलें, कीं घरचीं माणसें सोनाराकडे संशयानें पाहूं लागतात.

हा संशय पुष्कळदां अज्ञानाचा असतो. लाख काढल्यावर ३० ग्रॅम सोनें उरलें आणि त्याचा कस २० कॅरेट निघाला, तर त्यांत शुद्ध सोनें २५ ग्रॅमच असतें. त्याचें २२ कॅरेटचें सोनें केलें, तर तें सुमारें २७.२७ ग्रॅम भरेल. पावणेतीन ग्रॅम कोणीं चोरले नाहींत. कस वाढला, वजन उतरलें. जुन्या सांध्यांतील हीण धातूही कस खालीं आणते. शिवाय जानेवारी १९६३ मध्यें सुवर्णनियंत्रणाच्या नियमांनीं १४ कॅरेटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी केली. ती १९६६ मध्यें उठली. त्या दिवसांतील दागिना हलक्या कसाचा निघाला, तर नवल नाहीं. हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्यानें सुरू झाली ती १६ जून २०२१ पासून; त्यापूर्वीच्या बिनछापाच्या दागिन्याची परीक्षा करूनच बोलावें.

तेव्हां साज मुशींत घालण्यापूर्वी लाखेसह वजन, लाखेविना वजन, कस, अपेक्षित घट आणि घडणावळ हें सर्व कागदावर मांडून गिऱ्हाइकाची संमति घेणें, हा सोनाराचा धर्म होय. गिऱ्हाइकानेंही तें मागण्यांत संकोच धरूं नये. त्याआधीं आणखी एक प्रश्न विचारावा : मोडणें अवश्य आहे काय? तुटलेलें पान जोडतां येतें, गळलेली लाख पुन्हां भरतां येते, ओवणी नवी करतां येते. साज अखंड ठेवून एकीस द्यावा व दुसरीस तितक्या मोलाचें अन्य कांहीं द्यावें, हाही न्यायच आहे. २१ पानांची वांटणी केली, तर दोघींच्याही हातीं साज राहत नाहीं.

मूस एकदां तापली, कीं मागें फिरतां येत नाहीं. गिऱ्हाईक नाखूष होईल, घडणावळ बुडेल, तरीही ही गोष्ट आधीं सांगणारा कारागीर खरा. कान सोनारानेंच टोचावे म्हणतात, तें उगाच नव्हे.