वहीत फक्त हिशोबच का?



आपल्या बचत गटांच्या वह्या चोख असतात. कुणी किती बचत भरली, कुणाकडे किती कर्ज बाकी, सगळं सापडतं. पण पहिल्यांदा बँकेत कोण कोण गेलं? घरच्यांची बोलणी खाऊन गटात कोण टिकलं? अंगठा देणारी मावशी सही कधी शिकली? सगळ्या जातींच्या बाया एका सतरंजीवर कधीपासून बसायला लागल्या? हे कुठल्याच वहीत नसतं.

आज फलटणच्या बेबीताई कांबळेंची आठवण सांगते. त्यांचा जन्म १९२९ चा. महार समाजातल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारांवर वाढलेल्या. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. माल बांधायला रद्दी यायची, ती त्या वाचायच्या. वाचता वाचता लिहायला लागल्या, तेही घरच्यांच्या नकळत. लिहिलेलं लपवून ठेवायच्या. अशी कितीतरी वर्षं गेली आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक आलं. नावात ‘माझं’ नाही, ‘आमुचं’ आहे. आपल्या समाजाची उपासमार, शिवाशीव त्यांनी लिहिलीच, पण घरात सुनांचे होणारे हालही झाकले नाहीत. पुढे त्यांनी मुलांसाठी आश्रमशाळाही चालवली.

१९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. आंबेडकरी चळवळीत राबलेल्या बायकांना भेटून, त्यांना बोलतं करून त्यांनी ते लिहिलं. विचारलं नसतं, तर किती जणींचं काम त्यांच्याबरोबरच गेलं असतं!

आपल्याकडेही तेच होतंय. अध्यक्ष बदलते, सचिव बदलते. नवीन ताईला वह्या मिळतात, पण मागचा अनुभव मिळत नाही. ती पुन्हा पहिल्यापासून ठेचा खाते. आणि नव्या सुनांना वाटतं, गट म्हणजे फक्त कर्ज.

म्हणून एक करूया. महिन्यातल्या एका बैठकीत पंधरा मिनिटं राखून ठेवूया. एका जुन्या सदस्येनं सांगायचं, शिकलेल्या मुलीनं वेगळ्या वहीत लिहायचं. तीनच प्रश्न विचारायचे: गटात यायच्या आधी कशाची भीती वाटायची? काय नवीन शिकलात? कुणी साथ दिली? त्यांच्याच बोलीत लिहा, शब्द सुधारू नका. घरातली गोष्ट असेल तर आधी विचारा, लिहू का म्हणून. लिहून झालं की त्यांना वाचून दाखवा, मगच खाली त्यांची सही किंवा अंगठा घ्या.

आपल्या सगळ्यात थोरल्या सदस्येपासून सुरुवात करा. पुढच्या बैठकीलाच करा, कारण वय कुणासाठी थांबत नाही.