एकाच ‘व’चे दोन उच्चार



आपण इथे शिकलो तेव्हा जिल्हा अकोला होता. वाशिम जिल्हा झाला 1998 साली. इंग्रजी आपल्याला पाचवीत भेटली. घरी ‘डोया’, ‘काया’, ‘पानी’ आणि पुस्तकात ‘डोळा’, ‘काळा’, ‘पाणी’. आठवते ना, आपले मराठीचे सर वाचताना कुणाला अडवत नसत. वाचून झाले की तोच शब्द ते स्वतःच्या बोलण्यात दोनदा नीट उच्चारत. चूक कुणाची, हे ज्याचे त्याला कळे.

मी मास्तर झालो आणि हे विसरलो. मानोरा तालुक्यात जिल्हा परिषदेची शाळा. 2000 पासून इंग्रजी पहिलीलाच आलेली. निम्मी मुले तांड्यावरची: घरी गोरमाटी, गल्लीत वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण मराठी आणि वर इंग्रजी. एक मुलगा मोठ्याने इंग्रजी वाचत होता. मी शब्दाशब्दाला थांबवत गेलो. तो खाली बसला. दिवाळीपर्यंत त्याने पुन्हा हात वर केला नाही.

ते मनाला लागले. मग ध्यानात आले, की मी इंग्रजी शब्द फळ्यावर देवनागरीत लिहून देत होतो, घोळ तिथेच होता. अंगातला बनियन आणि पश्चिम दिशा, आपल्या लिपीत दोन्ही ‘वेस्ट’च! लिहून फरक कळणार कसा? पण एका अक्षराचे दोन आवाज आपल्याला नवे नाहीत. ‘चहा’ आणि ‘चाक’ म्हणून पाहा. ‘हे जग’ आणि ‘शंभर वर्षे जग’ म्हणा. हे कुणी फळ्यावर शिकवले होते? कानानेच आले.

म्हणून आधी कान. मी शब्द म्हणायचा; मुलांनी ऐकून बनियनला हात लावायचा किंवा मावळतीकडे बोट दाखवायचे. पहिले काही दिवस नुसता गोंधळ आणि हसणे. त्यानंतर तोंड. फुंकणीने चूल फुंकताना होतात तसे ओठ गोल केले की पश्चिम. वरचे दात खालच्या ओठावर टेकवले की बनियन. दाढीचा आरसा घरून आणला होता, तो बाकाबाकांवर फिरे.

एके दिवशी तोच मुलगा शेजाऱ्याला दटावत होता, “दात टेकव ना बे!”

त्या आठवड्यात त्याने हात वर केला. घाईत दोन्ही शब्द पुन्हा सारखेच वाचले. मी मध्ये बोललो नाही.