मातेचे दूध आणि शाळेचा हजेरीपट



रुग्ण बरा होऊन घरी गेला म्हणजे डॉक्टरांचे कर्तव्य संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात बालकांवर उपचार करणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ती मानली नाही.

अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बालकाला डब्याचे दूध दिल्यास जंतुसंसर्गाचे भय वाढते. मातेचे दूध हे त्याचे अन्नही असते आणि संरक्षणही. परंतु माताच अत्यवस्थ असेल तर? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९८९ साली त्या रुग्णालयात मातृदुग्धपेढी उभी राहिली. आशिया खंडातील ती पहिली पेढी होय. आपल्या बाळाची भूक भागून ज्यांचे दूध उरते, त्या माता ते स्वेच्छेने देतात. ते ६२.५ अंश सेल्सिअस उष्णतेवर ३० मिनिटे ठेवून, तपासून, गोठवून गरजू बालकांसाठी राखले जाते.

तथापि बालकाचे आजारपण रुग्णालयात सुरू होत नाही. ते घरात सुरू होते. म्हणून १९९९ साली डॉ. फर्नांडिस यांनी ‘स्नेहा’ ही संस्था स्थापून मुंबईच्या गरीब वस्त्यांतील माता व बालके यांच्या आरोग्याचे कार्य आरंभिले. डब्याच्या दुधाच्या व बाटल्यांच्या जाहिरातीस मनाई करणारा कायदा १९९२ सालीच झाला होता. परंतु कायदा घराच्या उंबरठ्यापर्यंत कोणीतरी पोचवावा लागतो.

डॉक्टरांना ज्या घरापर्यंत मुद्दाम जावे लागले, त्या घराच्या शेजारीच खानदेशातील शिक्षक उभा आहे. कापूस वेचणीचे दिवस आले की चोपडा, शिरपूरकडील शाळांतून काही मुली दिसेनाशा होतात. हजेरीपटावर ‘गैरहजर’ एवढीच नोंद होते. आई शेतात गेलेली असते आणि नऊ-दहा वर्षांची बहीण झोळीतले तान्हे बाळ सांभाळीत, त्याच्या तोंडी बाटली देत बसलेली असते. तेथे दोन बालकांचे नुकसान होत असते : एकीच्या शिक्षणाचे आणि दुसऱ्याच्या प्रकृतीचे.

अशा घरी शिक्षकाने आशाताई किंवा अंगणवाडीताईंना सोबत घेऊन जावे. बाळ जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजावे. पहिले पिवळसर चिकाचे दूध फेकू नये. सहा महिने मध, गूळपाणी, साधे पाणीदेखील देऊ नये, हे समजावून सांगावे. कामास जाणाऱ्या मातेने स्वच्छ भांड्यात दूध काढून, झाकून, थंड जागी ठेवावे. चार तासांच्या आत, उन्हाळ्यात त्याहून लवकर, घरातील मोठ्या माणसाने ते वाटी-चमच्याने पाजावे. बाटली नकोच. आजीशी आदराने बोलावे. घरात तिचाच शब्द चालतो.

हजेरीपटावरील रिकामा रकाना ही केवळ अनुपस्थिती नव्हे, एखाद्या झोळीकडे बोट दाखविणारी ती खूण असते. ती ज्या शिक्षकाने वाचली, त्याने मुलीस शाळेत आणिले आणि तान्ह्या बाळासही शाळेच्या वयापर्यंत पोचण्यास साह्य केले, असे खुशाल समजावे.