भरल्या पाण्याचं ओझं



आपल्या सोलापूरकडं पुष्कळ गावांत पाणी रोज येत नाही. आलं की हौद, बॅरल, पिंप भरून ठेवायचं. त्या साठवणीत डास अंडी घालतात आणि घरात डेंग्यू येतो. म्हणून सांडपाण्याच्या टाकीत, वापराच्या हौदात गप्पी मासे सोडतात. ते डासांच्या अळ्या खातात. आमच्या बचत गटानं हे मासे वाढवायचं ठरवलं आणि काचेची पेटी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. गटाची बैठक भरते त्या घरात चहाच्या टेबलावर ती ठेवली.

तिसऱ्या आठवड्यात टेबलाचा पाय फाकला. पेटी कलंडली, काच तडकली, पाणी घरभर झालं. शेजारीच लेकरं अभ्यासाला बसली होती. कुणाला लागलं नाही, हे नशीब. पण चूक टेबलाची नव्हती, आमची होती. पाण्याचं वजन आम्ही धरलंच नव्हतं.

हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आमच्या पेटीत जवळजवळ ५५ लिटर पाणी मावतं. वर काच आणि वाळू धरली तर ७० किलो होतात. म्हणजे सिमेंटच्या दीड पोत्याएवढं ओझं! घागर डोक्यावरून उतरवता येते. पेटी रात्रंदिवस तिथंच असते.

मग आम्ही स्टँड घरीच करायचं ठरवलं. बाभळीचं लाकूड घेतलं, पण चांगलं वाळलेलं. ओलं लाकूड वाळताना वाकतं. पाय तीन इंच जाड, उंची अडीच फूट. खरी गोष्ट इथं आहे: वरची चौकट पायांच्या बाजूला खिळ्यांनी ठोकू नका, पायांच्या डोक्यावर बसवा. ओझं लाकडावरून लाकडावर सरळ जमिनीत उतरलं पाहिजे. खिळ्यांवर टांगलं तर एक दिवस खिळे सुटतात. मागं आणि दोन्ही बाजूंना तिरक्या पट्ट्या मारा, म्हणजे स्टँड डुलत नाही. वर १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय टाका आणि सगळ्याला ऑइल पेंट द्या.

जमीन मातीची असेल तर पाय खचतात. प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. मग गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावून चारी कोपरे एका पातळीत आहेत का बघा. पेटी तिरकी राहिली तर एका बाजूच्या काचेवर ताण येतो. पेटीखाली थर्माकोलची शीट घाला, म्हणजे बारीक खडा काचेला टोचत नाही. लेकरं लोंबकळतात, म्हणून स्टँड भिंतीला पट्टीनं जखडून टाका. हवेच्या मोटारीची वायर बोर्डाकडं नेताना मधे खाली झोल द्या. ओघळलेलं पाणी झोलाला ठिबकतं, बोर्डात जात नाही.

आता परीक्षा. पेटी ठेवण्याआधी आम्ही स्टँडवर ज्वारीचे ५० किलोचे दोन कट्टे रात्रभर ठेवले. सकाळी पाय सरळ होते, प्लाय वाकला नव्हता. तेव्हाच पेटी मांडली, आणि जागेवर ठेवल्यावरच पाणी भरलं. भरलेली पेटी कधीही हलवायची नाही. सरकवायची झाली तर आधी पाणी काढायचं.

आणखी एक. हे मासे ओढ्यात, तळ्यात, नदीत सोडू नका. तिथले आपले मासे त्यांच्यामुळं मागं पडतात. ज्या टाकीचं पाणी बाहेर जात नाही, तिथंच सोडा.

मैत्रिणींनो, कुठल्याही वस्तूवर पाणी साठवताना, मग ती टाकी असो, बॅरल असो की पेटी, आधी लिटर मोजा. मग विचारा, एवढे किलो हिला पेलतील का? उत्तर ठाऊक नसेल तर ज्वारीचे कट्टे घरात आहेतच.